सात तीन नऊ तीन

रविवारी सकाळी दीपमालाचे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते आणि फ्रिजवर ठेवलेला तिचा फोन दोनदा वाजला, म्हणून ती म्हणाली, "पाहा बरं, कोणाचं काय आलं." एवढंच. संघपालने पेपर बाजूला ठेवला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि फोन हातात घेतला. पाठवणाऱ्याचं नाव होतं चंद्रभान सर, अकोला. नमस्कार नव्हता, फुलं नव्हती, सुविचार नव्हता. नुसते आकडे होते. कोणाचा तरी फोन नंबर असेल असं समजून तो वाचू लागला, "सात, तीन, नऊ, तीन..." आणि तव्यावर भाकर टाकता टाकता, मागे वळूनसुद्धा न पाहता दीपमाला म्हणाली, "नऊ, एक, तीन, तीन."

मग ती हसली. मोठ्याने नाही, घशातल्या घशात. तेहतीस वर्षांत तिची हसण्याची प्रत्येक तऱ्हा आपल्याला ठाऊक झाली आहे असं संघपाल धरून चालला होता. पाहुण्यांसमोरचं हसणं वेगळं, शाळेतल्या बायांशी फोनवर बोलतानाचं वेगळं, पुण्याहून आचल आली की दोघी मायलेकी रात्री हसायच्या ते वेगळं. हे त्यातलं कोणतंच नव्हतं. हे हसू या घरात पहिल्यांदाच आलं होतं आणि तरी ते जुनं होतं. फोन हातात धरून तो तसाच उभा राहिला. गेल्याच महिन्यात गॅसवाल्याला संघपालचा नंबर द्यायचा होता तेव्हा याच बाईने फोन उघडून, यादीत शोधून, एकेक आकडा वाचून दाखवला होता. तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. आजकाल कोणाला कोणाचा नंबर पाठ असतो.

"कोणाचा नंबर आहे हा?" त्याने विचारलं.

"कोणाचाच नाही. संख्या आहे ते."

"आठच अंक आहेत."

"आठच आहेत तिचे."

तो जेवायला बसल्यावर भाकरी थापता थापता तिने पेपरच्या कोऱ्या कडेवर पेनने ७३९३९१३३ लिहिलं. दीपमाला माध्यमिक शाळेत गणित शिकवायची, पण घरात ती कधी शिकवल्यासारखी बोलत नसे. आज बोलली. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला निःशेष भाग जात नाही. मग तिने शेवटच्या तीनवर अंगठा ठेवून तो झाकला. "आता उरलं ते पाहा. तेही मूळ. आणखी एक काढा, तेही मूळ. असं शेवटून एकेक काढत जा. त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. सात हजार तीनशे त्र्याण्णव. सातशे एकोणचाळीस. त्र्याहत्तर. अन् शेवटी सात. कुठंच तुटत नाही. अशा त्र्याऐंशीच संख्या आहेत, अन् ही सगळ्यात मोठी." तिच्या अंगठ्याला पीठ लागलेलं होतं आणि कागदावर त्याचा पांढरा ठसा उमटला. संघपाल त्या ठशाकडे पाहत होता. चंद्रभान सर या महिन्यात निवृत्त होणार होते, ती सांगत होती. अकोल्याला ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा ते एम.एस्सी.ला होते, मग तिथेच प्राध्यापक झाले. ही संख्या त्यांनीच तिला वाचनालयात दाखवली होती. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे, आणि परवाच्या फोनवर त्यांनी म्हटलं होतं की दीपमालाने तिथे या संख्येवर अर्धा तास बोलावं.

"तुमी येता का?"

"मले मोजणी आहे दर्यापूरले."

"रविवारी?"

तो ताटातलं पिठलं कालवत राहिला.

संघपाल भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होता. अमरावती जिल्ह्यातली निम्मी काळी जमीन त्याने पायी तुडवली होती, आधी साखळी ओढत आणि आता यंत्र खांद्यावर घेऊन. बाप गेला की भाऊ अर्ज करायचे आणि हा जाऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहायचा. आठ एकराचे तीन हिस्से, तिघांना विहिरीपर्यंत वाट, कडुलिंबाचं झाड कोणाच्या हद्दीत ते ठरवायचं. लोक म्हणायचे, साहेब, हे वावर तुटत नाही हो, बाबांनी एकठोक ठेवलं आहे. तो खुणा रोवायचा आणि वावर तुटायचं. तुटत नाही अशी गोष्ट त्याने आजवर पाहिली नव्हती. आणि हे तो अभिमानाने नव्हे, नुसतं माहीत असल्यासारखं मनाशी म्हणायचा.

सोमवारी कार्यालयात तो संख्येला दोनने भाग देऊन पाहणार होता, मग स्वतःवरच चिडला. विषम संख्येला दोनने कसा जाईल. तीनचं त्याला शाळेतलं आठवत होतं. अंकांची बेरीज केली, अडतीस आली, अडतीसला तीनने जात नाही. सातने दिलं, दोन उरले. अकराने दिलं, चार उरले. समोर एक म्हातारा अर्जाची पोच घ्यायला उभा होता आणि संघपाल तेराने भाग देत होता. पत्र असतं तर फाडता आलं असतं. फोटो असता तर कपाटात किती दिवस होता असं विचारता आलं असतं. चंद्रभान या माणसाचं नाव काही लपवलेलं नव्हतं. आचलच्या नाव ठेवण्याला तो येऊन गेला होता, स्टीलचा डबा देऊन गेला होता, आणि संघपालने त्याच्याशी कापसाच्या भावाबद्दल चांगल्या गप्पा मारल्या होत्या. त्या माणसाचा त्याला राग येत नव्हता. राग यायला काही तरी हाताला लागावं लागतं. इथे हाताला लागत होते ते आठ अंक, आणि ते दोघे तेहतीस वर्षं त्या अंकांच्या आत कुठे तरी बसून राहिले होते, जिथे ना बिऱ्हाड लागत होतं ना भाडं, आणि बाहेरून कोणाला दार दिसत नव्हतं.

मग जुनं सगळं वेगळ्या अर्थाने आठवू लागलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघं कौंडण्यपूरला गेले होते, नदीच्या पायरीवर बसले होते, आणि ती बराच वेळ पाण्याकडे पाहत ओठ हलवत होती. त्याने समजून घेतलं होतं की मनातल्या मनात वंदना म्हणते आहे. आता त्याला वाटलं, नव्हती म्हणत. एसटीच्या खिडकीतून समोरच्या गाडीची पाटी पाहून ती मान किंचित हलवायची, हो म्हटल्यासारखी किंवा नाही म्हटल्यासारखी. कोणाला हो म्हणत होती? आचलच्या वेळी दवाखान्यात कळा सुरू झाल्यावर तिने त्याचा हात धरला नव्हता, खाटेची लोखंडी दांडी धरली होती आणि पुटपुटत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मोजत राहा, मोजत राहा. आपली बायको किती वेळा गप्प होती, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्याने तो आता मांडायला घेतला आणि प्रत्येक गप्प राहण्याच्या तळाशी त्याला तीच संख्या दिसू लागली. ही अतिशयोक्ती आहे हे त्याला कळत होतं. पण कळून ते थांबत नव्हतं, दाढदुखीसारखं.

दीपमालाच्या कपाटातल्या पाठ्यपुस्तकात त्याने पद्धत शोधली. कोणत्याही संख्येला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायचा, तेवढ्यात नाही गेला तर कशानेच जात नाही. कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ आलं आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णव आणि वर काही. तिथपर्यंत हजाराच्या वर मूळ संख्या असतील. नकाशाच्या आलेख-कागदावर एकेक चौकोनात आकडे मांडून तो दोनच्या पटीतले खोडायचा, तीनच्या पटीतले, पाचच्या, आणि खोडून उरलेल्या संख्या वहीत उतरवायचा. ती शाळेतून यायच्या आत वही बॅगेत जायची. ती अकोल्याच्या भाषणाची टिपणं काढत बैठकीत बसायची आणि हा आतल्या खोलीत दार लोटून बसायचा. "काय करून राहिले?" ती विचारायची. "जुनी मोजणी तपासून राहिलो," तो सांगायचा. तिला ते खरं वाटायचं आणि तिला खरं वाटतं याचाही त्याला राग यायचा. एखाद्या भागाकाराला सहा-सात अंकांनंतर टिंब येऊन मागे शेपूट लागलं की त्याचा हिरमोड व्हायचा. पण लगेच पुढच्या आकड्यात पुन्हा आशा असायची. एवढ्या आशेने त्याने गेल्या कित्येक वर्षांत काही केलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बहात्तर आकडे मागे टाकून तो तीनशे सदुसष्टवर आला. बटणं दाबली. पडद्यावर दोन लाख एक हजार चारशे एकोणसत्तर आलं. पुढे टिंब नव्हतं. शेपूट नव्हतं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, समोरच्या गच्चीवर कोणी तरी कुरड्या वाळत घालत होतं. पुन्हा दाबून पाहावं असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ते केलं नाही. इतका आनंद झाला होता की त्याला हात लावायची भीती वाटली. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून त्याने ती शर्टाच्या खिशात घातली, बाहेर आला आणि म्हणाला, "उद्या मी येतो अकोल्याले."

"अन् मोजणी?"

"पुढं ढकलली."

तिला बरं वाटलं हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तेवढ्यापुरती चिठ्ठी खिशात जड झाली, मग पुन्हा हलकी झाली.

सभागृह लहान होतं. पंखे आवाज करत होते आणि मार्च असूनही अकोल्याचं ऊन भिंतींतून आत येत होतं. स्टेजवर चंद्रभान सर मांडीवर शाल-श्रीफळ घेऊन बसले होते. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, एका कानात श्रवणयंत्र होतं, आणि पहिल्या रांगेतून त्यांची बायको संध्याबाई त्यांना पाणी प्या अशी खूण करत होती. संघपाल मागून चौथ्या रांगेत बसला. दीपमाला फळ्यापाशी उभी राहिली. तिने संख्या लिहिली आणि शेवटून एकेक अंक पुसत गेली, प्रत्येक वेळी थांबून, जणू खाली काही दुखत नाही ना ते पाहत. मग संख्या पुन्हा पूर्ण लिहिली आणि म्हणाली, "आता हिच्यापुढं एखादा अंक जोडून पाहू. एक जोडला तर बेरीज एकोणचाळीस, तीनने भाग गेला. सात जोडला तर पंचेचाळीस, गेला. पाच अन् सम अंकांचं तर तुम्हाला माहीतच आहे. तीन अन् नऊ राहतात. तेही तुटतात, पण ते तुम्ही घरी करून पाहा. म्हणजे हिच्यातून काढत गेलं तर ती टिकते. वाढवायला गेलं की मोडते." पोरं लिहून घेत होती. तिने निळसर साडी नेसली होती, हातांना खडू लागला होता, आणि ती इतकी एकटी आणि इतकी सुखी दिसत होती की संघपालने खिशातली चिठ्ठी काढून मुठीत धरली. कोणाला काही विचारायचं आहे का, असं तिने विचारल्यावर तो उभा राहिला.

"ही संख्या तीनशे सदुसष्टनं कटते," तो म्हणाला.

मुलांनी माना वळवल्या. हा कोण, हे फार थोड्यांना माहीत होतं. दीपमालाने त्याच्याकडे पाहिलं. ती घाबरली नाही आणि रागावलीही नाही. वर्गात चुकलेल्या मुलाकडे पाहतात तसंही नाही पाहिलं. त्याला वाटलं, ती पहिल्यांदाच आपल्याला पाहते आहे.

"किती वेळा जाते?" तिने विचारलं.

"दोन लाख एक हजार चारशे एकोणसत्तर."

ती फळ्याकडे वळली. पूर्ण गुणाकार केलाच नाही. नुसते दोन्हींचे शेवटचे दोन दोन अंक घेतले, एकोणसत्तर गुणिले सदुसष्ट, आणि लिहिलं चार हजार सहाशे तेवीस. "शेवटी तेवीस येतात," ती हळू आवाजात म्हणाली, "आपल्याला तेहतीस पाहिजेत. शेवटून दुसरा अंक टाकताना तीनच्या जागी दोन पडला असेल. बटणं शेजारीच असतात." दोन-तीन मुली हसल्या. संघपालच्या हातात चिठ्ठी होती, तिच्याकडे पाहायची गरज नव्हती. बसावं की उभं राहावं हे त्याला कळेना. तेव्हा स्टेजवरून चंद्रभान सर बोलले, श्रवणयंत्रावर बोट ठेवून, थोडे मोठ्याने. "थांबा पोरींनो. तीनशे सदुसष्टवर हे गृहस्थ पोहोचले म्हणजे त्याच्या आधीचे बहात्तर भागाकार करून आले. माह्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकाही पोरानं हे केलं नाही." ते मनापासून बोलत होते. त्यामुळेच ते असह्य झालं. टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांमध्ये दीपमाला खडू हातात धरून त्याच्याकडे पाहत राहिली, कारण बहात्तर भागाकार म्हणजे काय हे त्या सभागृहात तिला सगळ्यात जास्त कळत होतं.

परतीच्या एसटीने बोरगाव मंजू हे गाव ओलांडलं. तुरीची कापणी झालेली शेतं मागे पडत होती.

"कवापासून करून राहिले हे?" तिने विचारलं.

"दोन हप्ते झाले."

"कावून?"

तो धुरे पाहत होता. कोणता नवा, कोणता जुना, हे त्याला धावत्या गाडीतूनही कळायचं. "तोडायची होती," तो म्हणाला.

"मले वाटलंच." ती म्हणाली, "आमीही पुरी नाही तपासली कधी."

"आमी म्हणजे?"

"मीच. सरांनी पुस्तकात वाचली होती. ते म्हणत, छापलेलं आहे, आता काय तपासायचं. त्याहिले त्याच्यात इतका रस नव्हता, दाखवली अन् विसरले. मी म्हटलं, मी पाहते. तवा मी रोज मूर्तिजापूरहून अकोल्याले गाडीनं जात होती. जाताना चार भागाकार, येताना चार. हातानं. वही मांडीवर घेऊन. चौदाशे सत्त्याऐंशीपर्यंत गेली होती, तवा तुमी पाहाले आले."

संघपालला तिच्या बापाचं घर आठवलं. चहा आठवला. पोहे आठवले.

"तुमी विचारलं, छंद काय आहे," ती म्हणाली. "मी म्हटलं, भागाकार. सगळे हसले."

"मीही हसलो."

"तुमी सगळ्यात जास्त."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खिडकीच्या गजावर डोकं टेकून ती मूर्तिजापूरच्या आधीच झोपली आणि तिचं गाव आलं गेलं तरी जागी झाली नाही. संघपाल जागा होता. दोन आठवडे तो एका माणसाचा हेवा करत आला होता आणि तो माणूस तिथे नव्हताच. तिथे एकवीस-बावीस वर्षांची एक मुलगी होती, सकाळच्या गाडीत, कोपऱ्यातल्या बाकावर, मांडीवर वही घेऊन. डबा हलला की तिचा आकडा हलायचा आणि ती पुन्हा नीट काढायची. तिला कोणाची वाट पाहायची नव्हती. कोणाला दाखवायचंही नव्हतं. चंद्रभानशी भांडता आलं असतं, त्याला घरी यायला मनाई करता आली असती. या मुलीचं काय करायचं? ती त्याला ओळखत नव्हती, तिला त्याची गरज नव्हती, आणि एका दुपारी पोहे खाऊन, मोठ्याने हसून, त्यानेच तिची वही मिटवली होती. शेजारी झोपलेल्या बाईचं डोकं एसटीच्या धक्क्याने त्याच्या खांद्यावर आलं. त्याने ते तसंच राहू दिलं, आणि तरी त्या मुलीचा हेवा काही कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो पुढे गेला, तीनशे त्र्याहत्तरपासून. आता दार लोटत नव्हता. बैठकीतल्या टेबलावर वही उघडी असायची आणि प्रत्येक अंक बोटाखाली धरून तो दोनदा दाबायचा. दीपमाला येता-जाता पाहायची. आपण हे कशासाठी करतो आहोत, हे त्याला सांगता आलं नसतं. तोडायची इच्छा गेली होती असंही नव्हतं. एप्रिलच्या मध्याला तो चौदाशे सत्त्याऐंशीपर्यंत आला. भाग गेला नाही. खाली पुढचा आकडा लिहायला पेन टेकवलं आणि लिहिता येईना. चार दिवस वही तशीच राहिली. पाचव्या दिवशी त्याला दर्यापूरला खरोखरच मोजणी निघाली, दोन भावांची, आणि तो सकाळच्या जीपने गेला. दिवसभर ऊन खाऊन, खुणा रोवून संध्याकाळी परत आला तेव्हा दीपमाला आत चाचणीच्या वह्या तपासत होती. "हातपाय धुऊन घ्या," ती आतूनच म्हणाली.

टेबलावर वही उघडीच होती. त्याच्या शेवटच्या ओळीखाली दुसऱ्या अक्षरात ओळी सुरू झाल्या होत्या, बारीक, उजवीकडे किंचित कललेल्या. १४८९. भागाकार ४९६५६, बाकी १३४९. त्याखाली १४९३, त्याखाली १४९९. शेजारच्या कागदावर हाताने केलेले लांब भागाकार होते, कुठेही खाडाखोड नसलेले. एकवीस ओळी. एका दिवसात. शाळा करून.

तो हातपाय न धुताच खुर्चीवर बसला. तिने त्याला विचारलं नव्हतं. तो घरी नसताना ती निघाली होती आणि एकवीस आकडे पुढे गेली होती. त्याने कॅल्क्युलेटर ओढला, बोटाची धूळ पँटला पुसली आणि तिच्या पहिल्या ओळीत चूक असेल तर ती शोधायला सुरुवात केली. सात, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन, तीन. भागिले चौदाशे एकोणनव्वद. ओळ बरोबर होती. आतून वह्यांची पानं उलटल्याचा आवाज येत होता. संघपालने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.